अटींचा पहारा

(बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, महिला बचत गट व ग्रामविकासाचे कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



बुलढाणा जिल्ह्याचे नाव घेतले की प्रथम आठवते ते राजमाता जिजाऊंचे सिंदखेड राजा. मग श्री गजानन महाराजांचे शेगाव, लोणारचे सरोवर, मेहकर व देऊळगाव राजा येथील बालाजी आणि विवेकानंदांच्या विचाराने उभा राहिलेला हिवरा आश्रम. दरवर्षी शेगावहून निघणारी पालखी शेकडो किलोमीटरची पायवाट तुडवत पंढरीला जाते आणि तिच्या वाटेवरचे प्रत्येक गाव त्या दिवशी निर्व्यसनी होते. परंतु हाच जिल्हा पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांतही गणला जातो. कापूस किंवा सोयाबीन विकून आलेला पैसा घरी पोहोचण्यापूर्वी वाटेत कोठे थांबतो, हे ज्या घरात चूल पेटते त्या घरातील गृहिणीला कोणी सांगावे लागत नाही.

वऱ्हाडच्या मातीने या प्रश्नाची किंमत फार पूर्वी मोजली आहे. शेंडगावच्या झिंगराजीचे घर दारूने उद्ध्वस्त झाले आणि त्याचा पोरका मुलगा मामाच्या गुरांमागे वाढला. तोच मुलगा पुढे संत गाडगेबाबा म्हणून ओळखला गेला. हाती खराटा घेऊन गावोगाव फिरताना बाबांनी स्वच्छतेबरोबरच दारू सोडण्याचा उपदेश आयुष्यभर केला. दारू वाईट आहे, हे पटवून देण्यासाठी आज कोणत्याही भाषणाची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती एका वेगळ्या ज्ञानाची. गावात उघडलेले दुकान नेमके कोणत्या अटींवर उभे आहे, त्या अटी कोणी तपासायच्या आणि त्या मोडल्या तर काय करायचे, हे गावाला ठाऊक असले पाहिजे. संताप पुष्कळ आहे, पण संतापाला कलम सापडत नाही, म्हणून तो तहसील कचेरीच्या पायरीवरच विरून जातो.

नाव दारूबंदीचे, व्यवहार अपवादाचा

भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्यासाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. महाराष्ट्रात या विषयाचा मूळ कायदा १९४९ चा. तेव्हा त्याचे नाव मुंबई दारूबंदी अधिनियम असे होते, आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. विदर्भ १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा विदर्भाला लागू झाला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, परंतु कायद्याचा गाभा वैध ठरवला.

या कायद्याचे नावच त्याचे मर्म सांगते. तो दारूविक्रीचा कायदा नाही. दारू बनवणे, बाळगणे, विकणे आणि पिणे या सर्वांना त्याने प्रथम मनाई केली आहे. त्यानंतर परवाना, अनुज्ञप्ती आणि मुभा यांच्या रूपाने अपवाद निर्माण केले आहेत. म्हणजे जिल्ह्यातील प्रत्येक दारूचे दुकान हा नियम नसून अपवाद आहे. कायद्याच्या ४९ व्या कलमाने मद्याच्या व्यापाराचा अनन्य अधिकार शासनाचा मानला आहे आणि परवानाधारकाकडून घेतले जाणारे शुल्क हा त्या अधिकाराचा मोबदला ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज खटल्यात स्पष्टपणे सांगितले की, दारूचा व्यापार हा कोणाही नागरिकाचा मूलभूत हक्क नाही.

या एका वाक्याचे महत्त्व गावाने ध्यानात घेतले पाहिजे. किराणा दुकान बंद करायचे असेल तर दुकानदाराच्या हक्कावर गदा का आणावी, याचे कारण शासनाला द्यावे लागते. दारू दुकानदाराच्या हाती असतो तो अटींनी बांधलेला परवाना. अट मोडली तर कायद्याच्या ५४ व्या कलमाखाली तो निलंबित किंवा रद्द करता येतो. अटीवर उभे असलेले दुकान अट पाळली जाते आहे तोवरच उभे राहू शकते. मात्र अट पाळली जाते की नाही, हे पाहणारा कोणी असावा लागतो.

पाटीवर काय लिहिले आहे?

गावकरी सरसकट ‘दारूचे दुकान’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने ती दुकाने वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. देशी दारूच्या किरकोळ विक्रीचा परवाना सीएल-३ या नमुन्यातील असतो आणि त्याला १९७३ चे देशी दारू नियम लागू होतात. विदेशी मद्याची सीलबंद बाटली विकणारे वाइन शॉप एफएल-२ परवान्यावर चालते. बिअर शॉपीचा परवाना एफएल/बीआर-२ हा. आणि ज्याला लोक बार किंवा परमिट रूम म्हणतात, त्याच्याकडे एफएल-३ परवाना असतो.

हा भेद कागदी नाही. वाइन शॉपने सीलबंद बाटली विकावी, तेथे ओट्यावर किंवा मागच्या खोलीत बसून पिऊ देता येत नाही. परमिट रूममध्ये उलट आहे. तेथे बसून पिण्याची मुभा आहे, पण तेथून बाटल्या बांधून बाहेर विकता येत नाहीत. हमरस्त्यावरच्या एखाद्या परमिट रूममधून रोज सायंकाळी पिशव्या भरून बाटल्या आसपासच्या खेड्यांत जात असतील, तर गावात होणाऱ्या अवैध विक्रीचा उगम एका वैध परवान्यात आहे, हे ओळखले पाहिजे. अशा वेळी केवळ खेड्यातील टपरीवर छापा टाकून भागत नाही. मूळ परवानाधारकाने आपली अट मोडली, ही लेखी तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली पाहिजे.

परवान्यात जागा ठरलेली असते. त्या जागेचा नकाशा आणि चतुःसीमा कागदावर असतात. शेजारची पडवी, मागचा वाडा, समोरची शेड हे सर्व त्या नकाशात आहेत काय, हे पाहण्याचा अधिकार नागरिकाला आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यासाठीच उपयोगी पडतो. दहा रुपयांचा अर्ज करून परवान्याची प्रत, मंजूर नकाशा आणि अंतराच्या मोजणीचा पंचनामा मागता येतो. तीस दिवसांत उत्तर देणे विभागावर बंधनकारक आहे. ज्या गावाने हे तीन कागद मिळवले, त्या गावाने निम्मी लढाई शांतपणे जिंकलेली असते.

पंच्याहत्तर मीटर आणि नोंदणी नसलेले देऊळ

परमिट रूमच्या बाबतीत शैक्षणिक आणि धार्मिक संस्थांपासून ७५ मीटर अंतराची अट आहे. देशी दारूच्या दुकानांसाठी त्यांच्या नियमांत अंतराची स्वतंत्र तरतूद आहे. अंतर मोजण्याचीही रीत ठरलेली आहे. पक्षी उडतो त्या सरळ रेषेत ते मोजत नाहीत. पायी चालणारा माणूस ज्या जवळच्या वाटेने जातो, त्या वाटेने दारापासून दारापर्यंत मोजतात. भिंत बांधून किंवा दाराची दिशा बदलून वाट लांबवली की अंतर वाढते, ही युक्ती या मोजणीतूनच जन्माला येते. म्हणून पंचनामा होताना गावचे दोन जाणते लोक उपस्थित असणे केव्हाही हितावह.

परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. नियमांत ‘धार्मिक संस्था’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. मंदिर, मठ, मशीद, चर्च, अग्यारी अशी सर्व धर्मांची स्थाने तीत येतात. मात्र ते स्थान सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाच्या मालकीचे किंवा व्यवस्थापनाखाली असावे, ही अपेक्षा त्या व्याख्येत आहे. आता प्रत्येक गावाने स्वतःला विचारावे. वेशीवरचा मारुती, नदीकाठचा महादेव, चावडीशेजारचे विठ्ठल मंदिर, यांपैकी किती देवळांची धर्मादाय कार्यालयात नोंद आहे? पिढ्यान्‌पिढ्या जेथे हरिनाम सप्ताह होतो, जेथे काकडा आणि हरिपाठ अखंड चालतो, ते देऊळ गावाच्या दृष्टीने सर्वांत मोठे. अंतर मोजण्यास आलेल्या अधिकाऱ्याच्या कागदावर मात्र ते देऊळ असतेच असे नाही.

शाळेचेही तसेच. शासनाने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या वा मान्यता दिलेल्या शाळा आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये व्याख्येत येतात. खाजगी शिकवणी वर्ग येत नाहीत. तालुक्याच्या गावी शेकडो मुले-मुली ज्या शिकवणीला सायंकाळी जातात, त्या इमारतीशेजारी परमिट रूम उघडली तर ७५ मीटरची अट तिच्या उपयोगाला येत नाही. देवळाचा विश्वस्त मंडळ नोंदणीचा अर्ज आजवर राहून गेला असेल, तर तो करणे हे केवळ हिशेबाचे काम उरत नाही. ते देवळाच्या पावित्र्याचे आणि गावातील मुलाबाळांच्या रक्षणाचे काम ठरते. ही नोंद दुकानाचा अर्ज येण्यापूर्वी झालेली हवी. अर्ज मंजूर झाल्यावर धावाधाव करून हाती फारसे लागत नाही.

महामार्गाचे पाचशे मीटर

सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी तामिळनाडूच्या के. बालू खटल्यात देशभर गाजलेला निर्णय दिला. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूचे दुकान असू नये, ते महामार्गावरून दिसू नये आणि तेथून थेट जाता येऊ नये, असा तो आदेश होता. त्यामागे रस्त्यावरील अपघातांत जाणाऱ्या जिवांची चिंता होती. ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने वीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या क्षेत्रात हे अंतर २२० मीटर केले. काही राज्यांनी तर महामार्गाचा दर्जा काढून घेऊन तोच रस्ता नगरपालिकेचा करण्याची पळवाट शोधली. ११ जुलै २०१७ रोजी नगरपालिका हद्दीतील परवानाधारक दुकानांना हा मनाई आदेश लागू नाही, असे स्पष्टीकरण आले. २३ फेब्रुवारी २०१८ रोजी ग्रामपंचायत क्षेत्रांबाबतचा विचार राज्यांवर सोपवण्यात आला.

बुलढाणा जिल्ह्याला या घटनाक्रमाचा अर्थ सहज समजेल. पूर्वी सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जिल्ह्याच्या पोटातून जातो. ही तिन्ही नगरपालिकांची शहरे. म्हणजे शहराच्या हद्दीत सवलत, आणि दोन शहरांच्या मधल्या खेड्यांचा प्रश्न राज्य शासनाच्या निर्णयावर अवलंबून. एकाच रस्त्यावर, एकाच वाहनचालकापुढे, दोन वेगळे न्याय उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असूनही अखेर ज्याचे त्याला पाहावे लागते, असा याचा बोध. गाव ‘नागरी वस्तीलगतचे’ मानले जाते की नाही, हे कोणत्या कागदावर ठरले आणि त्या वेळी ग्रामपंचायतीने काय म्हणणे मांडले, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असली पाहिजे.

जिजाऊंच्या जयंतीचा निर्णय

अटींच्या या यादीत एक अट मनाला विशेष भिडणारी आहे. १२ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मराठी पाट्यांसंबंधीचा निर्णय घेतला. त्याच निर्णयात, जेथे मद्याची विक्री होते किंवा मद्य पिण्यास दिले जाते, त्या आस्थापनेला महापुरुषांची, महनीय स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत, असेही ठरले. १२ जानेवारी हा जिजाऊंचा जन्मदिवस. सिंदखेड राजाला त्या दिवशी लोटणारा जनसागर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या योगायोगाचे मोल सांगायला नको. ज्या मातेने स्वराज्याचे स्वप्न पाहिले, तिच्या पुत्राने जिंकलेल्या गडाचे नाव बारच्या पाटीवर झळकावे, याहून मोठी विटंबना ती कोणती? ही अट तपासण्यासाठी टेप लागत नाही, पंचनामा लागत नाही. रस्त्याने जाता जाता पाटी वाचता येते.

अर्थात पाटी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, हेही खरे. महापुरुषांच्या नावाचा अभिमान पाटीपुरता राहिला, तर तो दुकानदाराला सोयीचाच होतो. पाटी उतरवणाऱ्या तरुणांनी पुढचे पाऊल टाकून ग्रामसभेत बसले पाहिजे.

आडवी बाटली : गणित समजून घ्या

ग्रामसभेच्या हाती असलेले सर्वांत प्रभावी साधन म्हणजे २५ मार्च २००८ चा शासनाचा आदेश. ‘आडवी बाटली, उभी बाटली’ या नावाने तो महाराष्ट्रभर ओळखला जातो. गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होते आणि दुकान बंद करावे की नाही यावर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळावे, असे हे चिन्ह.

परंतु या मतदानात एक कठोर अट आहे आणि अनेक गावांची निराशा तिच्यापाशीच होते. दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा, एखाद्या गावात ९०० महिला मतदार आहेत. मागणीसाठी २२५ सह्या लागतील. दुकान बंद होण्यासाठी ४५१ मते लागतील. मतदानाच्या दिवशी ६०० जणी आल्या आणि त्यांपैकी ४४० जणींनी आडवी बाटली निवडली, तर आलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश स्त्रियांनी दुकान नाकारले असे होईल. तरीही दुकान उघडेच राहील. ज्या ३०० जणी आल्या नाहीत, त्यांचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडले.

या गैरहजर मतांत कोण असते? ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर गेलेल्या कुटुंबांतील स्त्रिया असतात. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटेच रानात गेलेल्या मजूर बायका असतात. लग्न होऊन सासरी गेलेल्या, पण माहेरच्या यादीत नाव राहिलेल्या मुली असतात. आणि ज्यांचे निधन होऊन वर्षे लोटली, त्यांचीही नावे त्यांत असतात. वैकुंठवासी झालेल्या आजीचे नाव यादीतून काढले गेले नाही, म्हणून ती उभ्या बाटलीची मतदार ठरते! याहून मोठी थट्टा दुसरी नसेल.

उपाय मात्र साधा आहे. सह्यांची मोहीम हाती घेण्यापूर्वी मतदार यादी हाती घ्यावी. मृत व स्थलांतरित नावे वगळण्यासाठी नमुना ७, नवे नाव नोंदवण्यासाठी नमुना ६ आणि पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा. नाव नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आता उपलब्ध आहेत. नाव वगळताना कोणाचा हक्क हिरावला जाणार नाही, याची पूर्ण दक्षता घ्यावी. ज्या स्त्रीचे नाव यादीत राहायला हवे, तिचे नाव राहिलेच पाहिजे, मग ती कोणत्याही आळीतील असो. मतदानाची मागणी ऊसतोडीच्या आणि वेचणीच्या हंगामात करू नये. आणि प्रत्येक वीस घरांमागे एका भगिनीने जबाबदारी घेऊन, आजाऱ्याला, वृद्धेला आणि लेकुरवाळीला केंद्रापर्यंत आणण्याची व्यवस्था करावी. ९०० नावांची यादी स्वच्छ होऊन ७८० वर आली, तर लागणारी मते ४५१ वरून ३९१ वर येतात. मग त्याच ४४० मतांनी दुकान बंद होते. घोषणा बदलली नाही, माणसे बदलली नाहीत. बदलली ती केवळ तयारी.

मतदान गुप्त आहे, याचेही महत्त्व मोठे आहे. दुकानदार अनेकदा गावातील वजनदार माणूस असतो, कधी सावकारही असतो. त्याचे देणे असलेल्या घरातील स्त्रीला चारचौघांत हात वर करणे कठीण. पडद्याआड मात्र ती आणि तिची बाटली, एवढेच असतात.

दुकान गेले, दारू राहिली तर?

प्रामाणिक कार्यकर्त्याने विरोधी बाजूही नीट ऐकावी. दुकान बंद केले तर अवैध दारू वाढते, विषारी दारूने माणसे मरतात, शासनाचा महसूल बुडतो, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली, तेव्हा अवैध विक्रीचेच कारण पुढे आले. वर्धा आणि गडचिरोली येथे बंदी कायम आहे. चंद्रपूरनंतर बुलढाणा जिल्ह्यातही जिल्हाबंदीची मागणी झाली होती. महसुलाचा मोह किती मोठा असतो, हेही लपून राहिलेले नाही. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढीचा निर्णय घेतला, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा सांगण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला होता, तो जनमताच्या विरोधामुळे अमलात आला नाही. शासन कोणाचेही असो, तिजोरीचा कल एकाच बाजूला झुकतो. त्या झुकावाला रोखणारे बळ समाजाचेच असावे लागते.

अवैध दारूचा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच दुकान बंद झाले की काम संपले, असे मानणे चुकीचे ठरेल. बिगरपरवाना दारू विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा ६५ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ढाब्यावर परवाना नसताना बसून पिण्याची सोय करणारा ६८ व्या कलमाखाली आणि तेथे बसून पिणारा ८४ व्या कलमाखाली दोषी ठरतो. ढाबामालकाएवढाच तेथे बसणाराही कायद्याच्या कक्षेत येतो, ही गोष्ट गावातील तरुणांना सांगितलीच पाहिजे. अण्णा हजारे यांच्या आग्रहानंतर या कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आली. ग्रामसभेच्या पुढाकाराने असे दल स्थापन होऊ शकते आणि अवैध दारूची माहिती पोलीस व उत्पादन शुल्क विभागाला देऊ शकते. या दलाने कायदा हाती घेऊ नये. भट्टी फोडणे, मारहाण करणे, कोणाच्या घरात शिरणे हे त्याचे काम नाही. दिनांक, वेळ, ठिकाण लिहून तक्रार देणे आणि तिची पोच जपून ठेवणे, हे त्याचे काम. एक पोचपावती दहा घोषणांपेक्षा अधिक काळ टिकते.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एका गावात आडवी बाटली झाली की परवानाधारक दुसऱ्या जागेसाठी स्थलांतराचा अर्ज करतो. राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने दीर्घकाळ थांबलेले राहिल्याने जुन्या परवान्यांना मोठी किंमत आली आहे आणि ते जागा बदलत फिरतात. एका गावाचा विजय शेजारच्या गावाचे संकट होऊ नये. म्हणून ज्या गावाने दुकान घालवले, त्याने शेजारच्या पाच गावांच्या ग्रामसभांना लेखी कळवणे हा शेजारधर्म आहे. स्थलांतराच्या प्रस्तावाची चाहूल लागताच ग्रामसभेने ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोचवावा. घाईघाईत, निवडक माणसांच्या सह्यांनी ‘ना हरकत’ दिली जाणार नाही, यावर महिला सदस्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

पिणाऱ्याचे काय?

या सर्व चर्चेत एक माणूस विसरता कामा नये. तो म्हणजे स्वतः पिणारा. तो शत्रू नाही. तो कोणाचा तरी मुलगा, पती किंवा बाप आहे आणि बहुधा आजारी आहे. दुकान दूर गेल्याने त्याच्या व्यसनाची ओढ आपोआप संपत नाही, पण मोह आणि घर यांच्यामध्ये थोडे अंतर पडते. त्या अंतरात कुटुंबाला, भजनी मंडळाला, वैद्यकीय उपचाराला आणि मित्रांना शिरकाव करता येतो. ७५ मीटरच्या अटीचा खरा अर्थ हाच आहे. तो मोह आणि माणूस यांच्यामधला मोकळा श्वास आहे. गावाने त्या माणसाला लाज देऊन हाकलले, तर तो त्याच ढाब्यावर परत जाईल. त्याला हात दिला, तर तोच एके दिवशी ग्रामरक्षक दलात येईल. माळ घालून दारू सोडलेली माणसे वऱ्हाडच्या प्रत्येक गावात आढळतात. त्यांना पुढे आणले पाहिजे, कारण त्यांच्या एका शब्दाचे वजन शंभर भाषणांना नाही.

कायदा हा समाजाचा नोकर आहे, परंतु हाक मारल्याशिवाय तो येत नाही. संविधानाने दिशा दाखवली, विधिमंडळाने अटी लिहिल्या, न्यायालयांनी त्यांचा अर्थ लावला. उरलेले काम गावाचे. देवळाची नोंद, शाळेच्या दारापासूनची मोजणी, मतदार यादीतील नावे, तक्रारीची पोच आणि मतदानाच्या दिवशी केंद्रापर्यंत आलेली प्रत्येक भगिनी, एवढ्या पाच गोष्टींवर एका गावाचे भवितव्य ठरू शकते. येथून परतताना प्रत्येकाने आपल्या गावची मतदार यादी पाहण्याचा संकल्प करावा. पहिल्या पानापासून सुरुवात करावी. जिचे नाव आहे पण ती या जगात नाही, आणि जी आहे पण जिचे नाव नाही, अशा दोघींचा शोध घ्यावा. पहारा तेथूनच सुरू होतो.